बाहेरची कडी

चोरी आमच्याकडे झालीच नाही. ज्यांचे खरोखर गेले त्या काकी चिंचवडहून आल्या, पंचनामा उरकला, चार घरी चहा घेतला आणि परतही गेल्या. माझे मात्र अजून कशातच लक्ष लागत नाही, तेव्हा आपण नेमके कशाचे सुतक पाळत बसलो आहोत, हे एकदा लिहून पाहावे म्हणून आज वही उघडली.

काकींच्या आणि तात्यांच्या बंद घराचा कोयंडा उचकटण्यापूर्वी चोरट्यांनी वस्तीवरील आम्हा सगळ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या. यात नवलाचे काही नाही. वर्तमानपत्राच्या तालुका पानावर ‘शेजारील घरांना बाहेरून कड्या लावून’ हे शब्द इतक्या वेळा वाचले आहेत की डोळा त्यांवर थांबतही नाही. घोड नदीच्या काठाने दिवाळीपासून एकेक वस्ती अशीच फुटत गेली, कुठे बंद घर, कुठे विहिरीवरची मोटार, कुठे केबलमधील तांब्यासाठी रात्रीतून कापलेली वायर. आणि प्रत्येक वेळी आम्ही हळहळलो, कुलूप ओढून पाहिले आणि झोपलो. पण रात्री अडीच वाजता दार आत ओढावे आणि ते बोटभर येऊन थांबावे, पुन्हा ओढावे आणि पुन्हा तेवढेच यावे, हे बातमीत वाचून कळण्यासारखे नाही.

कुत्रे बराच वेळ भुंकत होते, पण बिबट्याच्या वासाने ते रोजच भुंकते आणि आम्ही रोजच कूस बदलतो. त्या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची असल्याने हे उसाला दारे धरायला मळ्यात गेले होते. मी जाऊबाईंना फोन लावला, तर त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आमचं दार कुणीतरी बाहेरून लावलंय.” मागून भाऊजींनी खिडकीच्या गजांवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पलीकडच्या घरीही तेच. ह्यांचा फोन नुसताच वाजत राहिला, कारण तो बाभळीला अडकवलेल्या पिशवीत होता आणि हे पाण्यात. अशा रीतीने आम्ही सगळी थोरमोठी माणसे आपापल्या दाराच्या आत उभी राहून एकमेकांना “तुमचंही का?” असे विचारत होतो, आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी अगदी निवांतपणे लोखंडी कपाट फोडत होते.

मग ११२ लावला. तो फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही. नवी मुंबईच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि तेथून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून रस्त्यावरील गाडीला निरोप जातो. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिने गाव विचारले, तालुका विचारला, जवळची ठळक खूण विचारली. मी विहीर सांगितली, मग चारी सांगितली, मग पिंपळ सांगितला, आणि त्या भीतीतही मनात आले की आपल्या वस्तीला शेजारच्या वस्तीहून वेगळे ओळखू यावे असे खरोखरच काही नाही.

गाडी आली तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. त्या दोघांना बोल लावावा असे मला वाटले नाही. रात्रीच्या गस्तीला एकच गाडी, तिच्यात चालक धरून दोन माणसे, बाकीचे यात्रेच्या बंदोबस्ताला, आणि हद्द अशी की या टोकाची हाक त्या टोकाला पोहोचेपर्यंत चोर घरी जाऊन झोपावा. बाजारगावात एक पोलीस दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची चौकी आहे. त्याच्या भिंतीवर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे ठसठशीत लिहिले आहे आणि दाराला बहुधा कुलूप असते. या पंचक्रोशीत अजून कुणी न फोडलेले तेवढे एकच कुलूप असावे.

दार उघडले ते ह्यांनीच, मळ्यातून परत आल्यावर. कडी निघाल्याचा आवाज आला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

लक्षात आले ते हवालदारांनी बॅटरीच्या उजेडात कडीवरून बोट फिरवून बोटाचा वास घेतला तेव्हा. (ठसेतज्ज्ञ त्यानंतर यायचे होते.) खोबरेल तेल होते. “सराईत आहेत,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडे कौतुकही होते. त्या कडीचा करकर आवाज येतो, तिला दोन थेंब तेल घाला, हे मी गेल्या दिवाळीपासून ह्यांना सांगत होते.

ते तेल अजून माझ्या मनातून जात नाही. कुणीतरी आमच्या ओट्यावर चढले, पायपुसण्याच्या कडेने उभे राहिले, करकरणारी कडी हलक्या हाताने चोळली, आणि आत आत्याबाई आणि मी झोपलेल्या असताना आमचे दार बंद करून आपल्या कामाला गेले. आणि दार तर नुसते लोटलेले होते. ह्यांनी जाताना ते ओढून घेतले होते आणि मी आतून अडसर घालायला उठले नव्हते. म्हणजे एक बोट लावले असते तरी ते उघडले असते, आणि ते त्यांना दिसलेही असणार. तरी ते आत आले नाहीत. सगळे मला भाग्यवान म्हणतात. आत्याबाईंनी तर खंडोबाला तळी भरायची ठरवली आहे. मला मात्र पुन्हा पुन्हा असे वाटते की त्या हाताने आमचा हिशेब केला: या घरात एक म्हातारी, एक बाई, कपाटात सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, आणि मण्यांत ओवलेले अर्ध्या तोळ्याचे डोरले. यांना लुटायचे कशाला, यांना कोंडले म्हणजे पुरे.

हा हिशेब बरोबर आहे, हेच तर सोसत नाही.

पूर्वी हे रात्री पाण्यावर जाताना स्वतःच बाहेरून कडी घालून जात, मला झोपेतून उठायला नको म्हणून. तेव्हा ते मला मायेचे वाटत असे. अजूनही तसेच वाटते. पण जाऊ दे.

दुपारी श्वानपथक आले. कुत्र्याने तात्यांच्या उंबऱ्यापासून माग घेतला, आमच्या ओट्याला एक फेरी मारली, उसाच्या सरीत पडलेल्या काकींच्या पेटीपाशी गेले, जिच्यातील लुगडी आणि बारशाचे फोटो चिखलात पसरले होते, आणि मग डांबरी रस्त्यावर जाऊन घुटमळले. बातम्यांतील कुत्रीही नेहमी डांबरी रस्त्यापर्यंतच जातात. आत्याबाई ओट्यावर बसून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी रखवालदार असे, त्याला खळ्यावर धान्य मिळे, आणि चोरी झाली की माग काढणे त्याच्याकडे असे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची, आणि गावातच जिरला तर भरपाई त्याच्याच अंगावर. त्यांनी हे आपल्या आजीकडून ऐकलेले आहे, त्यामुळे त्यात किती खरे आणि किती रंगवलेले ते सांगता येत नाही, परंतु पेशवाईत आणि नंतर कंपनीच्या आरंभीच्या काळात खेडोपाडी व्यवस्था साधारण अशीच होती. त्या व्यवस्थेत रखवालदारालाच पहिला संशयित धरून बडवीत, ही बाजू आत्याबाईंच्या आठवणीत नाही.

तात्या स्वतः पोलीस पाटील होते, ही आणखी एक गंमत. त्यांच्या काळात घरफोडीचे ४५७ आणि चोरीचे ३८० ही कलमे वस्तीवरील पोरांनाही पाठ होती. १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला आणि आता फिर्यादीत ३३१ आणि ३०५ लिहिले गेले. चोरीसाठी रात्री घर फोडले तर चौदा वर्षांपर्यंत कैद आहे, असे तात्यांनी फोनवर आम्हाला पुन्हा समजावून सांगितले. कैद मोठी आहे, यात शंका नाही. पण अद्याप या प्रकरणात कोंडले गेलेले लोक म्हणजे आम्हीच.

हे वाक्य लिहिले आणि मला एकटीलाच हसू आले. काल रात्री याच गोष्टीने डोळ्यांत पाणी आले होते.

आताचे पोलीस पाटील भले गृहस्थ आहेत. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्यांना गावावर लक्ष ठेवून ठाण्याला खबर द्यायला सांगितले आहे; त्यांच्याकडे आपले गाव आहे आणि शेजारच्या गावाचा अतिरिक्त भार आहे. साडेसहा हजारांचे मानधन २०२४ मध्ये पंधरा हजार झाले, पण रात्री जागणारा माणूस एकच राहिला, आणि त्यालाही सकाळी दूध घालायचे असते. त्यांनीच परवा देवळात बैठक घेतली. ग्रामसुरक्षा दल पुन्हा उभे करायचे, पाळ्या लावायच्या, शिट्ट्या वाटायच्या, वेशीवर कॅमेरा बसवायचा. बाहेरच्या कड्या कापून टाकाव्यात, असेही ठरले. वेल्डिंगवाला दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन आला आणि पहिल्याच घरी घोटाळा लक्षात आला: कडी कापली तर शेतावर जाताना कुलूप कशाला घालायचे? शेवटी त्याने सगळ्यांच्या कड्या जागच्या जागी ठेवल्या, आतून हात घालून काढता येईल असे एक भोक दाराला पाडून दिले आणि प्रत्येकी दोनशे रुपये घेतले. त्या भोकातून आता वारा येतो. बाहेरून हात घातला तर आतला अडसरही निघतो, हे जाऊबाईंनी करून दाखवले.

गस्तीच्या पहिल्याच रात्री पोरांनी दुधाचा टेम्पो अडवला, मग लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडाला उतरवून गाडी तपासली. इथपर्यंत हसण्यावारी नेता आले. नंतर ती काठ्या घेऊन गायरानावर गेली आणि तेथे उतरलेल्या पालांतील माणसांना उठवून त्यांची आधार कार्डे मागू लागली. ती माणसे दर वर्षी याच सुमारास येतात. त्यांच्यातील एक म्हातारी मला सुया आणि दाभण विकते आणि भाकरी घेऊन जाते. ही बातमी सकाळी ह्यांनी अगदी सहज सांगितली आणि माझ्या अंगावर काटा आला. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने अशाच संशयावरून ठार मारले. तेव्हा मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा होती, आता खोबरेल तेल लावणाऱ्या टोळीची आहे. इंग्रजांनी १८७१ साली ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला, पण आमच्या पोरांच्या बॅटरीचा झोत अजूनही पहिल्यांदा तिकडेच वळतो. ज्याने आमच्या कडीला तेल लावले त्याला वस्तीची खडान्‌खडा माहिती होती: तात्या चिंचवडला कधी गेले, लाईट कोणत्या आठवड्यात रात्रीची, ह्यांचा मळा किती लांब. वर्षातून एकदा सुया विकायला येणाऱ्याला हे कुठून कळणार? हे मी ह्यांना म्हटले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मग तोटीखाली पाय धुतले. त्यापुढचे वाक्य आमच्या दोघांपैकी कुणीच बोलले नाही, कारण त्यापुढे एखादे ओळखीचे नाव घ्यावे लागले असते.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात रात्रीच्या ड्रोनची बोलवा उठली होती, तेव्हा बरे होते. सगळी वस्ती गच्चीवर जमून आभाळाकडे पाहत असे, चोर वरून येणार होता आणि तो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

मी स्वतः जाऊन पोलीस पाटलांना सांगितले की पालांकडे पोरांना एकटे पाठवू नका, काही विचारायचे असेल तर दिवसा तुम्ही जा. ते म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर आहे, पण पोरांना थोपवणार कोण?” मी म्हटले, गस्तीत थोडी वयाची माणसे घाला. मग त्यांनी वही काढून पाळ्या दाखवल्या. आमच्या घराची पाळी गुरुवारी आहे, आणि त्या आठवड्यात लाईट पुन्हा रात्रीची, म्हणजे हे मळ्यात. मी म्हटले, माझे नाव लिहा. त्यांनी पेन उचलले, खाली ठेवले, जाऊबाईंकडे पाहिले. जाऊबाई म्हणाल्या, “माझंही लिहा, भाऊ. तसंही आत बसून कोंडूनच घ्यायचं आहे.” त्यांनी बराच विचार केला आणि ह्यांचे नाव तसेच ठेवून त्याच्यापुढे ‘तर्फे सौ.’ एवढेच लिहिले. रकाना लहान होता, असे ते म्हणाले.

ह्यांनी ऐकून घेतले आणि चपला नकोत, बूट घाल, साप असतात, एवढेच सांगितले. आत्याबाईंचे म्हणणे असे की दोघी सुना रात्री बाहेर गेल्यावर घरात त्या एकट्या, तेव्हा जाताना बाहेरून कडी घालून जावे. त्यावर अजून चर्चा चालू आहे.