सरईखालचा भुसा

पावसाळा नुकताच सुरू झालेला असताना मी अमरकंटकला गेले, ती नर्मदेचा उगम पाहण्यासाठी. उगमकुंडापाशी हात जोडायला थांबावे तर मागच्याचे कोपर पाठीत बसत होते आणि कपिलधारेच्या धबधब्यावर पाण्यापेक्षा मोबाइलच जास्त दिसत होते. त्या दोन्ही ठिकाणांविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. लिहायचे आहे ते कबीर चबुतऱ्याच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या जंगलाविषयी, जिथे आमची गाडी एंजिन तापले म्हणून थांबली आणि चालकाच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ थांबून राहिली.

मैकल डोंगररांगेतले ते जंगल सालवृक्षांचे आहे. तिथले लोक या झाडाला सरई म्हणतात. पावसाने सगळे हिरवेगार झालेले असताना रस्त्यापासून थोड्या आत आठ-दहा सरया मात्र शेंड्यापासून पार वाळलेल्या होत्या. त्यांच्या बुंध्यांशी जाडसर, तंतुमय भुशाचे ढीग साचले होते आणि ते गेल्या हंगामातले असावेत, कारण पावसात भिजून त्यांचा वरचा थर काळपट झाला होता. खोडांवर अंगठा जाईल एवढी भोके होती. हे काम सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे. लांब मिशांचा, गडद तपकिरी रंगाचा हा कीटक पहिल्या पावसाबरोबर खोडातून बाहेर पडतो आणि मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आधी सालीखालचा भाग खाते, मग गाभ्यात शिरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचे सगळे आयुष्य आतच जाते. निरोगी झाड आत शिरणाऱ्या अळीला राळेत बुडवून मारते. परंतु एकाच झाडावर शेकडो अळ्या तुटून पडल्या की राळ पुरत नाही. या भागात १९२० च्या दशकात अशी मोठी साथ येऊन गेली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उसळली, तेव्हा मंडला, दिंडोरी आणि आसपासच्या जंगलांत लाखो सरया तोडाव्या लागल्या.

वाळलेल्या झाडांकडे आमच्यापैकी कोणी तरी पाहत होते. जमिनीकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. माझेही गेले नसते, पण तेवढ्यात टोपल्या घेतलेल्या चार-पाच बायका आल्या आणि काठीच्या टोकाने माती उकरू लागल्या. त्या पुटू शोधत होत्या. पुटू ही मातीच्या किंचित खाली वाढणारी, सुपारीएवढी गोल अळंबी. कोवळेपणी आतून पांढरीशुभ्र असते आणि हंगामाच्या सुरुवातीला बाजारात मटणापेक्षा महाग विकली जाते. बायका एकेका हिरव्या सरईखाली थांबत होत्या, पाचोळा बाजूला सारत होत्या आणि वाळलेल्या झाडांजवळून मात्र न थांबता सरळ पुढे जात होत्या. मी त्यांच्यातल्या वयस्कर बाईंना कारण विचारले, तेव्हा त्या काहीशा नवलाने म्हणाल्या, की दीदी, सरई मेली म्हणजे तिचा पुटूही मेला, तिथे उकरून हात कशाला दुखवायचे.

त्या एका वाक्यात मृदाविज्ञानाचा एक मोठा धडा आहे. पुटूची बुरशी सरईच्या कोवळ्या मुळांवर आवरणासारखी चढते आणि तिचे सूक्ष्म तंतू मुळे पोहोचत नाहीत तिथून पाणी व फॉस्फरस आणून देतात. बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर खाली पाठवते. हा व्यवहार केवढा मोठा असतो, ते उत्तर स्वीडनमधल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. तिथल्या पाइनच्या झाडांच्या खोडाभोवतीची साल कड्यासारखी सोलून काढली, म्हणजे साखर खाली उतरणे बंद झाले, आणि दोनेक महिन्यांच्या आत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्म्यावर आला. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ, जंगलाच्या मातीतला निम्मा श्वास कुजणाऱ्या पाचोळ्याचा नसून वरून ताज्या येणाऱ्या साखरेवर जगणाऱ्या मुळांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा होता. सालीखालचा थर खाणारी अळी तोच प्रयोग झाडावर करते, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नाही.

सगळ्याच कीटकांचा मातीवर असा परिणाम होत नाही, हेही सांगायला हवे. सागाची पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड पडते तेव्हा काही दिवसांत झाड उघडे होते, जंगलात अळ्यांची विष्ठा पडण्याचा बारीक आवाज ऐकू येतो आणि तिच्यातला नायट्रोजन पावसाबरोबर लगेच मातीत उतरतो. त्यामुळे मातीतले जिवाणू आणि त्यांच्यावर जगणारे सूत्रकृमी यांची काही काळ चंगळ होते. सागही बहुधा मरत नाही, पुन्हा पालवतो. भुशाचे गणित उलटे असते. लाकडात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अगदी थोडा असल्यामुळे भुसा कुजवणाऱ्या बुरशी आसपासच्या मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि बराच काळ सोडत नाहीत. मी एका ढिगात काडी घातली, तर खाली वाळवीचे मातीचे बोगदे होते आणि पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरले होते. माती निर्जीव झालेली नव्हती. जिवंत झाडावर जगणारे तिथून गेले होते आणि मेलेल्यावर जगणारे आले होते.

पहिल्या पावसात सरईखाली तीन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे मला या प्रवासात प्रथमच नीट उमगले: भुंगेरा बाहेर पडतो, पुटू उगवतो आणि सरईचे पंख असलेले बी खाली पडते. हे बी साठवून ठेवता येत नाही. ते आठवड्याभरातच रुजले तर रुजते. त्या कोवळ्या मुळाला सोबतीची बुरशी मातीतच मिळावी लागते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनच्या जंगलांतील मातीत वाढवलेली रोपे निरोगी जंगलाच्या मातीतल्या रोपांपेक्षा कमी जगली, असे संशोधकांना आढळले आहे. म्हणजे एका पिढीवरची साथ मातीच्या मार्गाने पुढच्या पिढीलाही गाठते.

गाडीजवळ परतल्यावर आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, की कीड लागलेली झाडे तोडून टाकली की प्रश्न मिटतो. अर्धे खरे आहे ते. पावसाआधी बाधित झाडे जंगलाबाहेर नेली नाहीत, तर त्यांतून निघणारे भुंगेरे शेजारच्या सरया गाठतात. त्यामुळे तोड टाळावी असे मी म्हणणार नाही. परंतु ओंडके ओढून नेताना माती दबते, सावली जाऊन ती उन्हात तापते आणि मोकळ्या जागेत घाणेरी माजते; म्हणून तोडीत शेजारची एखादी जरी जिवंत सरई विनाकारण पडली, तरी तिच्याबरोबर बुरशीचा शेवटचा साठा जातो असे मला वाटते. गृहस्थांना हे पटले नाही आणि चालकाला आमच्या वादापेक्षा पेंड्रा रोड स्टेशनहून सुटणाऱ्या आमच्या रेल्वेगाडीची काळजी होती.

निघण्यापूर्वी मी त्या बाईंना विचारले, की मोठ्या साथीत उजाड झालेल्या जागी आता पुटू मिळतो का. त्यांनी ओढ्यापलीकडचा उतार दाखवला. त्या साथीत तिथली झाडे तोडली गेली आणि नंतर कित्येक पावसाळे तिकडे कोणी टोपली घेऊन गेलेच नाही. अलीकडे काठावर उरलेल्या जुन्या सरयांच्या आसपास थोडा पुटू निघू लागला आहे, मधल्या भागात अजून नाही.