पहिला १२.९, पहिला १३.१

स्पोर्ट्स डेला पालकांचं पहिलं भांडण स्टार्टलाच होतं. "सर, तो सहा नंबरवाला एवढा पुढे का उभा केलाय?" दरवर्षी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या शाळेला मैदान म्हणून जे काही आहे, त्यात थ्रोबॉलचं एक कोर्ट कसंबसं बसतं. म्हणून डिसेंबरात एका दिवसापुरतं मैदान भाड्याने घ्यायचं आणि आदल्या संध्याकाळी मी आणि शिपाईमामांनी खुंटी, दोरी, टेप, फक्कीची पोती घेऊन त्यावर २०० मीटरचा ट्रॅक आखायचा. त्यात सरळ १०० मीटर मिळत नाहीत. शंभरची शर्यत म्हणजे एक वळण आणि पुढे चाळीसेक मीटर सरळ. वळणावर बाहेरच्या लेनला जास्त धावावं लागतं, म्हणून तिला पुढे उभं करायचं. १.२२ मीटरची लेन धरली तर दुसरी लेन पहिलीच्या ३.८३ मीटर पुढे आणि सहावी १९.१६. पुस्तकात दुसरीसाठी ३.५२ सापडेल, पण तो आकडा आतल्या कडेला कर्ब, म्हणजे उंच काठ, असलेल्या ट्रॅकचा. तिथे पहिली लेन कर्बपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या रेषेपासून २० वर. आमच्याकडे कर्ब नाही, नुसती फक्की, त्यामुळे सगळ्याच लेन २० वर. हे शिपाईमामांना एकदा सांगून कळलं. स्टाफरूमला अजून पटायचंय.

या वर्षीचं भांडण मात्र फिनिशला झालं.

फिनिशचे जज रेषेच्या अगदी सरळ रेषेत आणि ट्रॅकपासून किमान पाच मीटर लांब बसवायचे असतात, एकामागे एक पायऱ्यांवर. आमच्याकडे पायऱ्या म्हणजे वर्गातले बाक एकावर एक. प्रत्येकाला एकच नंबर वाटून दिलेला असतो: गणिताच्या मॅडमनी फक्त पहिला बघायचा, लायब्ररीच्या सरांनी फक्त दुसरा. चित्रकलेचे सर "दोघं एकदमच आले" म्हणतात, म्हणून त्यांच्याकडे सर्टिफिकेटं. बघायची ती छाती. डोकं, हात, पाय काहीही आधी पोचलं तरी धडाचा भाग रेषेवर कधी आला तेच धरायचं. घड्याळवाल्यांना वेगळं शिकवावं लागतं. क्लॅपरच्या, म्हणजे स्टार्टला एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्यांच्या, आवाजावर बटण दाबायचं नाही, फळ्या मिळताना दिसल्या की दाबायचं. स्टार्ट तिरका पन्नास-पंचावन्न मीटरवर असतो, तिथून आवाज यायला सेकंदाचा दीड दशांश जातो आणि तेवढ्यात पोरगं सव्वा मीटर पळतं.

नववी-दहावीच्या मुलांची शंभरची फायनल. दोन नंबर लेनमधला मुलगा वळणातून बाहेर पडला तेव्हाच पुढे होता. पाच नंबरवाला शेवटी जोरात आला, पण दीड मीटर तरी मागे राहिला. गणिताच्या मॅडमनी दोन नंबर लिहिला, लायब्ररीच्या सरांनी पाच. पहिल्यावर तीन घड्याळं होती: १२.८, १२.९, १३.०. तीन वेगळी आली की मधलं धरतात, म्हणून १२.९. दुसऱ्याचं १३.१. आमच्या दृष्टीने वादाचा विषयच नव्हता.

पाच मिनिटांत पाच नंबरचे वडील फोन घेऊन आले. "सर, जरा हे बघा." त्यांनी फिनिशच्या अलीकडे दोरीजवळ उभं राहून शूटिंग केलं होतं. स्क्रीनवर त्यांचा मुलगा स्पष्ट पुढे. फोनमध्ये सगळे कमरेच्या वरच, जमीन कुठे दिसतच नाही, त्यामुळे रेषा कुठे ते कळायला मार्ग नाही. पण चित्र बघितलं तर कोणीही म्हणेल, पाच नंबर पहिला. मी काही बोलायच्या आत ते मंचावर प्रिन्सिपल मॅडमकडे गेले, मागोमाग पालक समितीतले आणखी दोघं.

मला मंचावर बोलावलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, दोघांना पहिलं द्या ना. काय बिघडतं?"

मी म्हटलं, "मॅडम, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर हर्डल्सचं ब्राँझ सेकंदाच्या एक शतांशाने गेलं. ५५.४२ आणि ५५.४१. दोन ब्राँझ दिली नाहीत कोणी."

"ते ऑलिंपिक होतं सर. इथे मुलं आहेत. आणि चीफ गेस्टना निघायचंय."

मॅडमचं तरी पूर्ण चुकलं असं कसं म्हणू? फी वाढीच्या मीटिंगमध्ये त्याच तीन माणसांसमोर त्यांना बसायचं असतं. पण बिघडलं बरंच. व्हिक्टरी स्टँडची मधली पायरी एका मुलाच्या मापाची, तिच्यावर दोघं एकेक पाय ठेवून उभे राहिले. सोन्याचं मेडल प्रत्येक शर्यतीला एकच आणलेलं, म्हणून लांब उडीच्या ताटलीतलं उचललं. लांब उडीची मुलगी नंतर अर्धा तास मेडलसाठी माझ्या मागे फिरत होती. दोन नंबरच्या घरचं मैदानावर कोणीच नव्हतं. आईवडील दोघांचीही शनिवारची ड्युटी.

निकालपत्रकावर क्रीडाशिक्षकाची सही लागते. मी सही केली, पण वेळा होत्या तशाच ठेवल्या. ऑफिसने त्या तशाच टाइप केल्या. नोटीस बोर्डावर आठवडाभर लागलं होतं: पहिला, १२.९ सेकंद. पहिला, १३.१ सेकंद. दुसरा कोणी नाही. तिसरा, १३.४. कोणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नाही. दुसरं जास्त शक्य आहे.

सोमवारी पाच नंबरचे वडील मुलाला सोडायला आले तेव्हा मीच त्यांना थांबवलं. माणूस भांडकुदळ नाही, इंजिनिअर आहे. थ्रोबॉल कोर्टावर मी फक्कीची एक रेष मारली. तिच्यावर शंकूच्या आकाराचा एक कोन ठेवला, हा तुमचा मुलगा. त्याच रेषेवर तीन लेन पलीकडे, म्हणजे ३.६६ मीटरवर दुसरा कोन. त्यांना पहिल्या कोनापासून तीन मीटर बाहेर आणि रेषेच्या दोन मीटर अलीकडे उभं केलं आणि म्हटलं, फोनमधून बघा. जवळचा कोन लांबच्याच्या कितीतरी पुढे दिसत होता. मग लांबचा कोन मी हळूहळू पुढे सरकवत गेलो. "दोन्ही एका रेषेत आले की थांबा म्हणा." त्यांनी थांबा म्हटल्यावर टेप लावली. अडीच मीटरला थोडं कमी, हिशोबाने २.४४ यायला हवं. म्हणजे तिथून बघताना पलीकडच्या मुलाने दोन लेनच्या रुंदीइतकं पुढे असावं, तेव्हा कुठे तो बरोबरीत दिसणार. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, दोन फ्रेमच्या मध्ये मुलगा २७ सेंटिमीटर पळून जातो, हेही सांगायचं होतं. गरज पडली नाही. खरा फोटो फिनिशचा कॅमेरा रेषेच्या नाकासमोर लावतात आणि तो फक्त ती रेषच टिपतो, त्याचं कारण हेच.

त्यांना पटलं. इंजिनिअरला पटायलाच हवं होतं. दोनदा स्वतः जागा बदलून त्यांनी फोनमधून बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे सर. पण व्हिडिओ ग्रुपवर गेलाय. सगळ्यांनी अभिनंदन केलंय. आता काय सांगू?"

मुलाला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. पाच नंबर प्रॅक्टिसला येतो, पण दोन नंबरच्या शेजारच्या लेनमध्ये उभा राहत नाही. मुलगा चांगला आहे. शेवटचे तीस मीटर त्याच्यासारखे कोणी पळत नाही. वळणात अंग आत झुकवायला शिकला तर पुढच्या वर्षी खरंच जिंकेल.

दोन नंबर मेडलबद्दल चकार शब्द बोलला नाही. मधल्या सुट्टीत येऊन एवढंच विचारलं, "सर, बारा नऊ खरंच ना?" मी म्हटलं, हाताचं घड्याळ आहे, इलेक्ट्रॉनिकच्या तुलनेत शंभरला ०.२४ मिळवायचे असतात. म्हणजे तेरा एकच्या पुढे समज. आणि ही वळणावरची शंभर, सरळ ट्रॅकशी तुलना नाही. त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "सिंथेटिक ट्रॅकवर कधी नेणार?"

मॅनेजमेंटला मी जजसाठी लोखंडी पायऱ्यांचा स्टँड आणि फिनिशला दोन खांब मागितले होते. कोटेशनही जोडलं होतं. पुढच्या स्पोर्ट्स डेसाठी ड्रोन मंजूर झालाय. शूटिंग छान येतं म्हणे. निकालात शंका आली तर त्यातूनच बघायचं ठरलंय, आणि तो कुठे उभा ठेवायचा हे पालक समिती ठरवणार आहे.