आमची वाटचाल : ठरल्या मिनिटाला सुटणारी गाडी

शहराच्या मध्यभागातून विमानतळावर जाणारी आमची सामायिक बससेवा सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे १७ आसनांची एकच जुनी गाडी होती. धाकटा भाऊ ती चालवायचा, मी दाराशी उभा राहून तिकिटे फाडायचो व सामान टपावर चढवायचो, आणि रात्री घरी आल्यावर माझी पत्नी दिवसभराचा हिशेब वहीत उतरवायची. आज आमच्या ११ गाड्या या एकाच मार्गावर रात्रंदिवस धावतात. एवढ्या वर्षांत भांडवल कसे उभे केले, कर्ज कसे फेडले, असे पुष्कळजण विचारतात. तीही कामे झालीच, पण आमच्या धंद्याला खरे वळण मिळाले ते पहिल्याच वर्षी एका पहाटे, आणि त्या पहाटेविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

त्या काळी आमची गाडी भरली की सुटायची. तसे करण्यामागे हिशेब होता. गाडीत पाच माणसे असोत की सतरा, डिझेल तेवढेच जळते, चालकाचा पगार तोच असतो आणि पथकरही तेवढाच भरावा लागतो; त्यामुळे रिकामे गेलेले प्रत्येक आसन मालकाच्या डोळ्यांत खुपते. त्या पहाटे तेरा प्रवासी बसले होते आणि फोनवर आणखी तिघांनी ‘आलोच’ म्हणून कळवले होते. मी थांबलो. दहा मिनिटांची वीस झाली, वीसची पस्तीस झाली. गाडीत मागच्या बाकावर एक तरुण बसला होता. तो पहिल्या नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाला होता आणि मांडीवरची कागदपत्रांची पिशवी पुन्हा पुन्हा उघडून आतले कागद मोजत होता. त्याने दोनदा विचारले, “दादा, पोहोचू ना वेळेवर?” आणि दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या विमानाचा चेक-इन काउंटर बंद होऊन चार मिनिटे झाली होती. विमान अजून जमिनीवरच होते, पण तेथील कर्मचाऱ्याच्या हातात काही उरले नव्हते. संगणकावर ते उड्डाण बंद झाले होते. तो मुलगा आपल्या बॅगेवर बसून राहिला. ओरडला नाही, भांडलाही नाही. दुपारच्या विमानाचे तिकीट मी काढून दिले. त्यात आमची त्या आठवड्याची सगळी मिळकत गेली, पण त्याचे मला आजही काही वाटत नाही. त्याने मला विचारले होते आणि मी हो म्हणालो होतो, ही गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही.

त्या रात्री आम्ही तिघे घरी बसलो आणि ठरवले की यापुढे गाडी घड्याळाप्रमाणे सुटेल, मग आत एकच प्रवासी का असेना. पुढचे चार महिने आम्ही तोट्यात होतो. भाऊ वैतागायचा, आणि पहाटेची गाडी दोन माणसे घेऊन निघताना पाहून माझाही जीव वरखाली व्हायचा. पण पाचव्या महिन्यात तीच दोन माणसे आपल्या कचेरीतली आणखी दोन माणसे घेऊन आली. विमानतळाच्या गाडीत बसणाऱ्या माणसाला गाडी भरली की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ती किती वाजता हलणार आणि किती वाजता पोहोचणार, एवढेच त्याला ठाऊक असावे लागते.

आता ‘किती वाजता पोहोचणार’ हे कशावरून सांगायचे? सुरुवातीला आम्ही सरासरी सांगायचो आणि ती आमची दुसरी मोठी चूक होती. पत्नीने एका वहीत प्रत्येक फेरीची सुटण्याची व पोहोचण्याची वेळ लिहायला सुरुवात केली, वार आणि पाऊस यांच्या नोंदीसह. तीन महिन्यांनी वही उघडून पाहिली तर पहाटे ५० मिनिटांत संपणारा रस्ता शुक्रवारी संध्याकाळी १ तास ४० मिनिटे खात होता. दोन्हींची सरासरी काढली तर कोणत्याच प्रवाशाच्या उपयोगाची नाही, कारण ज्याला शुक्रवारी संध्याकाळी जायचे आहे त्याला मंगळवारची पहाट काय कामाची? तेव्हापासून आम्ही त्या वेळेच्या २० फेऱ्यांपैकी १९ फेऱ्या ज्या वेळेत पोहोचतात तीच वेळ प्रवाशाला सांगतो. लवकर पोहोचलेल्या प्रवाशाची तक्रार आजवर एकदाही आलेली नाही.

वेळेची मोजणी आम्ही नेहमी विमानाकडून शहराकडे, म्हणजे उलटी करतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा चेक-इन काउंटर बहुतेक विमान कंपन्या निदान ६० मिनिटे आधी बंद करतात, काही त्याहूनही आधी. विमानात चढण्याचे दार साधारण १५ ते २० मिनिटे आधी बंद होते. त्यामागे सुरक्षा तपासणीची रांग, सामान सोपवण्याची रांग, मग आमचा रस्ता, आणि शेवटी घरापासून आमच्या थांब्यापर्यंतची वाट. ज्याच्याकडे फक्त हातातली पिशवी आहे आणि बोर्डिंग पास मोबाईलवर आहे, त्याला नंतरची गाडी चालते. ज्याला मोठी बॅग सोपवायची आहे, त्याला आम्ही आधीची गाडी घ्यायला सांगतो. प्रत्येकाला ‘तीन तास आधी या’ असे सरसकट सांगणे सोपे असते, पण तिकीट देणाऱ्याने एक प्रश्न जास्त विचारला तर प्रवाशाची तासभर झोप वाचते, आणि पहाटेच्या विमानासाठी निघालेल्या माणसाला त्या तासाची किंमत फार असते.

दोन गाड्यांमधले अंतर किती असावे, हा आमच्या धंद्यातला सर्वांत खर्चिक निर्णय. शहरातल्या बसला लोक केव्हाही येऊन उभे राहतात, म्हणून तिथे सरासरी वाट अंतराच्या निम्मी धरता येते. विमानतळाच्या गाडीचे तसे नाही. ज्याला साडेचारपर्यंत पोहोचायचे आहे आणि एक गाडी तीन चाळीसला व दुसरी चार चाळीसला पोहोचते, त्याला तीन चाळीसचीच घ्यावी लागते आणि त्याची जवळजवळ ५० मिनिटे विमानतळावरच्या खुर्चीत जातात. म्हणून तासाला एक असलेली गाडी आम्ही बहुतेक वेळांत अर्ध्या तासाला एक केली. खर्च दुप्पट झाला, प्रवासी लगेच दुप्पट झाले नाहीत, आणि बँकेचा हप्ता तीन महिने थकला. तरीही हा निर्णय मी पुन्हा घेईन. या मार्गाची आणखी एक अडचण अशी की गर्दी एकाच दिशेने असते : पहाटे जाताना गाडी भरलेली आणि येताना रिकामी, रात्री नेमके उलट. एका बाजूचे तिकीट दोन्ही बाजूंचा खर्च उचलते, हे लक्षात न घेता या धंद्यात उतरलेल्या काही सेवा आमच्या डोळ्यांदेखत बंद पडल्या.

सामानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझे निम्मे आयुष्य त्यातच गेले आहे. बहुतेक विमान कंपन्यांची साधारण वर्गाची मर्यादा बॅगेमागे २३ किलो असते, आणि उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून एका नगाला ३२ किलोची कमाल मर्यादा घातलेली असते. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. म्हणजे ४५ प्रवाशांनी प्रत्येकी एक भरलेली बॅग आणली तर नुसत्या सामानाचेच वजन एक टनाच्या वर जाते. आमच्या पहिल्या गाडीत डिकी नावालाच होती. आम्ही सामान टपावर ताडपत्रीखाली बांधायचो आणि वळणावर गाडी कलली की माझा हात आपोआप समोरच्या दांडीवर जायचा, कारण वजन वर गेले की गाडीचा तोल बिघडतो. पहिली १२ मीटरची गाडी घेतली ती आसनांसाठी नव्हे, आसनांखालच्या प्रशस्त डिकीसाठी घेतली. डिकीचे आम्ही दोन भाग केले : जी टर्मिनल इमारत आधी येते तिचे सामान दाराकडच्या भागात, नंतरचीचे मागच्या भागात. प्रत्येक बॅगेला क्रमांकाची पट्टी, आणि तिची अर्धी चिठ्ठी प्रवाशाच्या हातात. चिठ्ठी जुळल्याशिवाय बॅग हातात द्यायची नाही, हा नियम मी स्वतःच्या मामांनाही लावला. काळ्या रंगाच्या दोन सारख्या बॅगांची अदलाबदल झाली की दोन कुटुंबांचा प्रवास बिघडतो, आणि ते कळते तेव्हा दोघेही वेगवेगळ्या देशांत असतात.

लंडनमध्ये १९६६-६७ च्या सुमारास ब्रिटिश युरोपियन एअरवेज या विमान कंपनीने ६५ दुमजली बस घेतल्या होत्या आणि त्यांच्यामागे सामानासाठी वेगळा डबा जोडला होता. प्रवासी शहरातल्याच टर्मिनलमध्ये चेक-इन करून या बसने थेट विमानतळावर जात. शहरातले ते टर्मिनल १९७४ मध्ये बंद झाले आणि १९७७ मध्ये भुयारी रेल्वे तिथल्या हिथ्रो विमानतळापर्यंत पोहोचली. मागे जोडलेल्या त्या डब्याचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा फार वेळ पाहत बसलो. ज्या अडचणीशी आम्ही ताडपत्री आणि दोऱ्या घेऊन झगडत होतो, तिच्यावर कुणीतरी इतक्या वर्षांपूर्वी इतका नेटका विचार केला होता.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांनी आम्हाला वेगळाच धडा दिला. तिकिटावर १५ तारीख आणि ००:१५ अशी वेळ असते. पुष्कळ प्रवासी १५ तारखेच्या रात्री आवरून निघतात. त्यांचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. एकदा एक आजी-आजोबा नातवाच्या बारशाला निघाले होते. आजींनी तिकीट माझ्यापुढे धरले, मी तारीख वाचली, घड्याळ पाहिले आणि मला बोलताच येईना. त्यानंतर आम्ही आरक्षणाची पद्धतच बदलली. रात्री बारा ते पहाटे चार या वेळेतल्या विमानासाठी आम्ही तारीख विचारत नाही, “घरातून कोणत्या वारी रात्री जेवून निघणार?” असे विचारतो आणि मग तिकिटावरची तारीख त्याच्याशी ताडून पाहतो. या एका प्रश्नामुळे किती जणांची विमाने वाचली याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही, पण असा फोन येत नाही असा महिना जात नाही.

टर्मिनलचाही असाच गोंधळ होतो. तिकीट एका कंपनीचे, विमान मात्र तिच्या भागीदार कंपनीचे, आणि ती उडते दुसऱ्याच इमारतीतून. तिकिटावर बारीक अक्षरांत ‘अमुक कंपनीद्वारे संचालित’ असे लिहिलेले असते. प्रवासी ती ओळ वाचत नाहीत. आमचा वाहक पहिल्या टर्मिनलच्या दहा मिनिटे आधी गाडीतून फिरतो आणि शंका असेल त्याचे तिकीट स्वतः पाहतो. घोषणा आम्ही करून पाहिल्या होत्या, पण कानात इअरफोन घालून झोपलेल्या माणसापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

परतीचा प्रवास वरवर सोपा वाटतो. विमान उतरले, प्रवासी आला, गाडीत बसला. प्रत्यक्षात विमान जमिनीला टेकल्यापासून प्रवासी दाराबाहेर येईपर्यंत कधी वीस मिनिटे जातात, कधी दीड तास, कारण पारपत्राची रांग आणि सामानाचा पट्टा यांवर कुणाचाच ताबा नसतो. म्हणून परतीच्या तिकिटावर आम्ही ठरावीक गाडी लिहीत नाही. विमान केव्हाही येवो, पुढची कोणतीही गाडी चालते. तेथेही गाडी कुणासाठी थांबत नाही. रडणारे बाळ घेऊन एक ताई धावत येताना दिसते आणि गाडी हललेली असते, तेव्हा चालकाच्या मनाची काय अवस्था होते ते मी जाणतो. अशा वेळी वाहक खाली उतरून तिच्यासोबत पुढची गाडी येईपर्यंत थांबतो, आणि तिची आसने आधी धरून ठेवतो.

चालकांविषयी मी फार कडक आहे. मध्यरात्री दोन ते पहाटे सहा हा काळ डुलकी लागून होणाऱ्या अपघातांचा, आणि आमच्या धंद्याची सर्वाधिक गर्दी नेमकी त्याच काळात असते. पहाटेची पाळी करणाऱ्याला आदल्या संध्याकाळी गाडी दिली जात नाही. आगारात अंधार करता येईल अशा दोन खोल्या बांधल्या आहेत आणि ‘मला आज झोप अनावर आहे’ असे सांगणाऱ्याचा एक पैसाही कापला जात नाही. आमचे सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी हे वाक्य सगळ्यांसमोर पहिल्यांदा उच्चारले, म्हणून बाकीच्यांना ते उच्चारण्याचा धीर आला.

मार्च २०२० मध्ये विमाने थांबली आणि आमची सेवाही थांबली. दोन गाड्या विकून पगार दिले. उरलेल्या गाड्या आगारात उभ्या होत्या; भाऊ दर आठवड्याला जाऊन प्रत्येकीचे इंजिन चालू करायचा आणि टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून गाडी चार हात पुढेमागे करायचा. विमाने पुन्हा उडू लागली त्या दिवशी पहिल्या फेरीला तीन प्रवासी होते. गाडी ठरल्या मिनिटाला सुटली.

सध्या आम्ही दोन कामांत आहोत. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रवाशांसाठी एका गाडीला उचलणारी पायरी बसवून घेतली आहे. ती वापरायला सहा मिनिटे लागतात, म्हणून त्या फेरीचे वेळापत्रक सहा मिनिटांनी वाढवले आहे, जेणेकरून वाहकाला घाई करावी लागू नये. दुसरे म्हणजे पुढच्या महिन्यापासून रात्री २ वाजून ४० मिनिटांची नवी फेरी सुरू होईल. सहाच्या आधीच्या विमानांसाठी सध्या दोनची गाडी लवकर होते आणि सव्वातीनची धोक्याची ठरते, असे वहीतल्या नोंदी सांगतात. पहिले काही महिने तिच्यात सात-आठ प्रवासीच असतील, असा आमचा अंदाज आहे. पहिल्या फेरीवर काका असतील, आणि दाराशी तिकिटे तपासायला मी उभा राहणार आहे.