चाळीस जुड्यांचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांना मी संध्याकाळी लिहा-वाचायला शिकवते, ‘उल्लास’ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेवक म्हणून. शेवटी १५० गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. तिचं नाव काढलं की वर्ग गप्प.

त्यातल्या एक अक्का पन्नाशीच्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, दोन्हींत तोंड फटाफट चालतं. पुस्तक पुढे आलं की मात्र मान खाली. “बाई, माझं डोकं जड हाय. मला न्हाई जमायचं.”

त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं. “अक्का, आज किती वळल्या?”

“आठशे.”

“हजाराला किती कमी?”

“आठ जुड्या.” क्षणही लागला नाही. पंचवीसची जुडी, हजाराला चाळीस, त्यातल्या बत्तीस झाल्या.

मी फळ्यावर ठळक लिहिलं, ४० – ३२ = ८. म्हटलं, चाचणीत हेच विचारतात. मागच्या रांगेतून त्यांनी तिन्ही आकडे बरोबर वाचले. तेच आकडे पुस्तकात दाखवले आणि गाडी अडली. डोळे बारीक करून त्या पुस्तक हळूहळू लांब नेत होत्या, थेट हात सरळ होईपर्यंत.

विडी वळताना बघावं लागत नाही. पान किती दाबायचं, तंबाखू किती भरायची, हे बोटांनाच कळतं. त्यामुळे जवळचं दिसेनासं झाल्याचं अक्कांना कधी जाणवलंच नव्हतं. अक्षरं पुसट दिसायची आणि दोष त्या डोक्याला द्यायच्या. याचं मला फार वाईट वाटलं. प्रौढांच्या वर्गात पुस्तक वाटण्याआधी डोळे तपासलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या बाईंची चाळिशी त्यांना लावायला दिली. अक्कांनी बोट टेकवलं. क... म... ल. कमल. मग माझ्याकडे बघून जवळजवळ रागानंच म्हणाल्या, “एवढं काळंभोर असतंय व्हय हे?”

चाचणीची धास्ती एका संध्याकाळीत जात नाही, त्यांचीही गेली नाही. पण वर्ग सुटला तरी त्या उठेनात. पिशवीतून कारखान्याचं कार्ड काढलं आणि मागच्या आठवड्याचे आकडे बोटानं एकेक वाचत गेल्या. छाटीच्या, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्यांच्या रकान्यापाशी थांबल्या.

“बाई, इथं बसा जरा. हे किती मांडलंय, मी वाचते, तुम्ही बरोबर का बघा.”