तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेत गोष्ट सांगायला गेले की कार्यक्रम संपल्यावर दाराशी दोन-तीन आया थांबलेल्या असतात. प्रश्न ठरलेला असतो. "घर, मुलगी सगळं बघून लिहायला वेळ कधी मिळतो हो तुम्हाला?" आणि त्याच्या पाठोपाठ, "घरातच लहान मूल आहे म्हणल्यावर गोष्टी आयत्याच मिळत असतील की!" मी घाईत असते. "सासूबाई आहेत ना," एवढंच म्हणून निघते. ते खरं आहे, पण सगळं उत्तर ते नाही. उरलेलं आज सांगते.

आधी वेळेचं. मला मिळतो तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीतला असतो. नवरा शिरोलीला एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. पाळी बदलती, त्यामुळे त्याच्या वेळेवर माझं काही बेतता येत नाही. पण रात्रपाळी असली की सकाळी घरी येऊन, झोपायच्या आधी, तो मुलीची वेणी घालतो आणि तिला शाळेत सोडून येतो. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी सासूबाई घर बघतात आणि मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसते. १८५० साली सुरू झालेलं वाचनालय आहे ते. आजूबाजूला सगळे माना खाली घालून वाचत असतात, त्यात आपण पिशवीतून फोन काढायलाही संकोचतो. मला नेमकं तेच हवं असतं. आठवड्याच्या त्या दोन दुपारी आणि अधूनमधून एखादी पहाट, इतकाच माझा लिहिण्याचा वेळ.

तेवढ्यात काय होतं, असंही विचारतात, कारण लहान मुलांचं पुस्तक हातात घेतलं तर फार तर १६ पानं, म्हणजे एक फर्मा, आणि तीनशे-चारशे शब्द. चित्रं चित्रकार काढतो. मग राहिलं काय? राहतात ते तीनशे शब्द. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी लिहिताना जोडाक्षर टाळायचं असतं. काना, मात्रा, वेलांटी जमली आहे, पण अक्षराला अक्षर चिकटलं की ते मूल अडखळतं आणि एकदा अडखळलं की पुस्तक मिटतं. पंचगंगा, रंकाळा, जोतिबा, अंबाबाई ही सगळी नावं बिनजोडाक्षरी आहेत. 'कोल्हापूर' मात्र नाही. माझ्या गावाचं नाव मला पहिलीच्या मुलासाठी लिहिता येत नाही! दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात आणि मोटारसायकलीमागं पळवतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून ते बघायची. त्यावर पहिलीच्या मुलांसाठी गोष्ट लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत 'म्हैस' आडवी आली. दोन महिने गेले. 'काळी' असं नाव देऊन पाहिलं, नुसतं 'ती' म्हणून पाहिलं. शेवटी गोष्ट म्हशीची न राहता रेडकाची झाली, आणि मगच ती उभी राहिली. सजलेल्या आईला ओळखू न शकणारं रेडकू. हे मला म्हैस अडल्याशिवाय सुचलं नसतं.

या गोष्टीत माझ्या मुलीचा काहीही वाटा नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्या बहुतेक गोष्टी माझ्याच लहानपणातून येतात. घरातल्या मुलाकडून गोष्टी 'आयत्या' मिळण्याबद्दल मला जे वाटतं, ते एका रात्रीमुळे वाटतं.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. पंचगंगा चढली की जयंती नाल्यातून पाणी उलटं आत येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे आकडे इथल्या मुलांना पाढ्यांबरोबरच पाठ होतात. २०२१ चा जुलै. शाळा कोरोनामुळे बंदच होत्या, मुलगी पाच वर्षांची. दोन वर्षांपूर्वीचा महापूर सगळ्यांच्या अंगात अजून होता, म्हणून पाणी यायच्या आधीच कुंभार गल्लीत धावपळ सुरू झाली. गणपती ट्रॉलीत भरून उंचावर हलवत होते. सप्टेंबरातले गणपती ते, रंग व्हायचे होते, डोळ्यांची आखणी व्हायची होती. मुलगी दिवसभर गॅलरीतून ते बघत होती.

रात्री वीज गेली. पाणी गल्लीत आलं होतं, आम्ही वरच्या मजल्यावर. अंधारात ती माझ्या कुशीत होती आणि एकदम म्हणाली, "आई, गणपतीला डोळेच न्हाईत. त्याला पाणी आलेलं दिसणार कसं?"

मी उठले. फोनचा उजेड लावला, वही शोधली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. विसरेन म्हणून. वाक्याच्या पुढेमागे काय येईल तेही दोन ओळी लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील, तीन असतील.

मागे वळून बघितलं तर ती अंथरुणात नव्हती. सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं होतं आणि दुसऱ्या हातात मेणबत्ती घेऊन त्या जिना उतरत होत्या. खालून तिसऱ्या पायरीवर पाणी होतं. चौथ्या पायरीवर त्यांनी खडूनं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे बघ, हितं हाय पाणी. ह्या रेघेला लागलं तर तुला हाक मारतो. झोप जा तू, मी बघत बसतो." आणि त्या खरंच जिन्यात बसून राहिल्या. मुलगी वर येऊन झोपली.

सासूबाईंना कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं. ती गणपतीबद्दल बोलतच नव्हती. अंधारात तिला स्वतःला पाणी दिसत नव्हतं.

आई म्हणून ऐकायला आणि लेखिका म्हणून ऐकायला मला कान एकच आहे. मूल बोलतं तेव्हा त्यातली गंमत, त्याचा घाट, कुठला शब्द कुठं आला, हे टिपायची सवय लागली की ते मूल काय सांगतंय ते हातातून निसटतं. वेळेची वाटणी करता येते, ती आमच्या घरानं केली आहे. कानाची वाटणी करायला मला फार उशिरा जमलं.

कारण ती गोष्ट मी लिहिली. पुढच्या वर्षी मुलांच्या एका दिवाळी अंकात आली, लोकांना आवडली. आजीचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं होतं, "मी बघत बसतो." आमच्याकडे बायका, मुली सगळ्या 'येतो', 'जातो', 'करतो' असंच म्हणतात. छापताना त्याचं 'बसते' झालं. मी हरकत घेतली नाही. ती घ्यायला हवी होती, असं आज ठामपणे वाटतं. कोल्हापुरातल्या मुलीला पुस्तकात तिच्या आज्जीचा आवाज सापडायला हवा.

मुलगी तिसरीत गेली आणि वर्गात बाईंनी ती गोष्ट वाचून दाखवली. बाईंनी कौतुकानंच वाचली. गणपतीच्या डोळ्यांच्या वाक्याला वर्ग हसला, कारण मी ते हसू येईल असंच लिहिलं होतं. ती घरी आली ती गप्प. जेवताना म्हणाली, "आज्जी असं म्हणलीच नव्हती." मग बऱ्याच वेळानं, "मी भ्यालो होतो आई. तू ते हसायचं केलंस."

मी तिची माफी मागितली. ती लगेच खेळायला गेली, मुलं जातात तशी. मी मात्र आठ-पंधरा दिवस काही लिहू शकले नाही.

तेव्हापासून घरात एक ठरलेलं आहे. झोपताना, तापात, रडताना ती जे बोलते ते वहीत जात नाही. अगदी गोष्ट समोर येऊन उभी राहिली तरी मी उठत नाही, आणि सकाळी ते वाक्य आठवत नसेल तर नसेल. बाकीचं काही घ्यावंसं वाटलं तर तिला विचारायचं, आणि लिहून झालं की आधी तिला वाचून दाखवायचं. आवडली का, हे तिला विचारत नाही. आईनं लिहिलंय म्हणून तिला सगळंच आवडतं, त्यासाठी गल्लीतली पोरं बरी. तिला एवढंच विचारते, "हे असंच होतं का?" आतापर्यंत चारदा तिनं नाही म्हटलंय. त्यातली एक गोष्ट मला फार हवी होती. ती मी फाडली नाही, पण कुठं पाठवलीही नाही.

तेव्हा दाराशी थांबून विचारणाऱ्या आयांनो, मुलीमुळे माझं लिखाण वाढलं का, तर नाही, कमी झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही. जे लिहिते ते आता अधिक ऐकून लिहिते.

सध्या एक गोष्ट दहाव्या पानावर थांबली आहे. तिथं जे वाक्य हवंय ते तिनं मागच्या महिन्यात रंकाळ्यावर, भेळ खाता खाता म्हटलं होतं. विचारून ठेवलंय. "बघतो," म्हणाली.