कच्च्या ग्लिसरॉलपासून सायट्रिक आम्ल : प्रगतीची नोंद

बायोडिझेल तयार होताना दर 100 किलो इंधनामागे साधारण 10 किलो ग्लिसरॉल (ग्लिसरीन) उरते. मात्र त्यात मिथेनॉल, साबण, क्षार आणि उत्प्रेरकाचे अवशेष असल्यामुळे ते शुद्ध करणे खर्चिक ठरते. सूक्ष्मजीवांकरवी त्याचे काय करून घ्यायचे, हे मी तूर्तास ठरवले आहे : यारोविया लिपोलिटिका या यीस्टकडून सायट्रिक आम्ल.

खरा मोह 1,3-प्रोपेनडायॉलचा होता. ग्लिसरॉलच्या किण्वनात ते 1881 मध्येच ऑगस्ट फ्रॉइंड यांना सापडले होते आणि आज त्यापासून पॉलिएस्टरचे धागे बनतात. परंतु त्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीवाणूंपैकी क्लेब्सिएला न्यूमोनिए रोगकारक आहे आणि क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमला ऑक्सिजनचा वाराही सोसत नाही. हौशी प्रयोगशाळेत पहिल्याला तर जागाच नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट यारोवियाला भरपूर हवा लागते, आणि ते स्निग्धाम्लेही पचवत असल्याने कच्चा माल अगदी निर्मळ करावा लागत नाही.

मिथेनॉल 64.7 अंश सेल्सिअसला उकळते. ते उघड्या ज्योतीजवळ न नेता बंद ऊर्ध्वपातन संचातच काढावे, कारण त्याची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते. नंतर फॉस्फोरिक आम्ल घालत गेले की साबण फुटतो : वर स्निग्धाम्लांचा काळपट थर, मध्ये तपकिरी ग्लिसरॉल आणि तळाशी पांढरे स्फटिक. उत्प्रेरक पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल, तर हे स्फटिक म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट, आणि द्रवात राहणारा त्याचा अंश यीस्टच्या पोषणाला उपयोगीच पडतो. सल्फ्युरिक आम्लाऐवजी हे महागडे आम्ल मी त्याचसाठी निवडले.

चंबूतील सगळी मेख नायट्रोजनमध्ये आहे. अमोनियम क्षार शिल्लक असेपर्यंत यीस्ट वाढत राहते. ते संपले की वाढ थांबते, पण ग्लिसरॉल आत येतच राहते आणि जादा कार्बन सायट्रिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकला जातो. त्याच वेळी सामू (pH) 5 ते 6 दरम्यान ठेवावा लागतो, कारण तो 3 च्या आसपास घसरला तर यीस्टचा कल एरिथ्रिटॉल या गोड अल्कोहोलकडे झुकतो. त्यासाठी मी कॅल्शियम कार्बोनेटची पूड वापरतो. आम्ल तयार होऊ लागले की तिच्यावर बारीक बुडबुडे उठतात.

या पुडीशी सायट्रिक आम्लाचा संयोग होऊन बनणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळत असल्याने गाळणी गरम असतानाच करतो. मात्र यारोविया आयसोसायट्रिक आम्ल हे त्याचे जुळे भावंडही बनवते आणि साध्या अनुमापनात (आम्लाचे प्रमाण मोजण्याच्या चाचणीत) दोन्ही वेगळी दिसत नाहीत. म्हणून पुढच्या खेपेपासून सायट्रेट लायेझ या, फक्त सायट्रेट तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) चाचणी लावणार आहे.