तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट इंजिनाची ही दशा का करते?

घरी येणारा प्रत्येक जण माझ्या मॉडेल रेल्वे इंजिनांच्या कपाटासमोर थांबतो आणि तेच विचारतो, "डब्यातून चकचकीत आलं होतं ना हे? मग खरवडून, काजळी फासून त्याची ही दशा का केलीत?" आजवर हसून वेळ मारून नेली. आज एकदाचं सांगून टाकते.

पूर्वी माझं उत्तर एका शब्दाचं असायचं: खरेपणा. रोज राबणारं वाफेचं इंजिन चकचकीत कुठून राहणार? सेफ्टी व्हॉल्व्हखाली सुकलेल्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ, चाकांना जोडणाऱ्या रॉडवर तेलात कालवलेली धूळ, ब्रेकच्या ठोकळ्यांवर गंज, आणि चढताना हात पडतो तेवढीच हँडरेल लखलखीत. साध्या मॉडेलवर ही हँडरेल म्हणजे बॉयलरच्याच प्लास्टिकमधली एक फुगीर रेघ. ती पात्याने तासायची, अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडायची आणि ०.४५ मिमीची पितळी तार ओवायची. माझी मॉडेलं १:७६ ची, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढी; त्या हिशेबात ती साधारण ३४ मिमीची भरते, म्हणजे मुठीत बरोबर मावणारी. तार आणि बॉयलर यांच्यामधून उजेड दिसला की मला काय होतं... जाऊ दे, नाही कळायचं तुम्हाला.

पण खरेपणाच काढायचा, तर माझं १:७६ चं इंजिन धावतं १६.५ मिमी अंतराच्या रुळांवर. खऱ्या १४३५ मिमीच्या मार्गाला या प्रमाणात जवळपास १८.८ मिमी हवेत. हे रूळ शोभतात १:८७ ला. वर पोटात विजेची मोटर. ते सगळं चालतं, आणि हँडरेल तेवढी खुपते! तेव्हा खरेपणा ही सबब होती, हे मान्य. अर्धंच मान्य.

आता ते वरच्या फळीवरचं काळं इंजिन. दादाने दिलेलं. चाकांचे आरे नीट रंगवता यावेत म्हणून मी चाकं आसांवरून उपटली. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे चाकावर रॉड अडकतो त्या जागा, एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले असतात. खऱ्या इंजिनात एक पिस्टन टोकाला अडला तरी दुसरा ढकलतो. मॉडेलातले पिस्टन नुसते शोभेचे. मोटर एकाच आसाला फिरवते आणि बाकीची चाकं रॉड ओढतो. म्हणून तिन्ही आसांचा कोन तंतोतंत एकच लागतो. हे मला माहीत होतं. माहीत होतं, याचाच राग येतो. कोन धरायला साचा मिळतो. मी नजरेने बसवली.

रुळावर ठेवलं, तर दर फेऱ्याला एक उचकी. शहाण्या माणसाने चाकं पुन्हा काढून कोन तपासला असता. मी गोल कानस घेतली आणि रॉडची भोकं वाढवली. उचकी थांबली, खडखड सुरू झाली. म्हणून आणखी थोडी कानस मारली. मग मागच्या चाकाकडून 'कट्' एवढाच आवाज आला. रॉड अडकवायची खुंटी, म्हणजे क्रँकपिन, बसते तिथे चाकाचा गाभा चिरला होता. रॉड खाली लोंबला, रुळांच्या पट्ट्यांवर आपटत राहिला, आणि वीज बंद करायची असते हे मला सुचायला बराच वेळ गेला.

दादाचा फोन आला. "चालतं का गं?"

"चालतं की."

शेवटी सगळेच रॉड काढून टाकले. बंद पडलेलं इंजिन ओढून न्यायचं असलं की खरोखरही रॉड उतरवत. नंबराची पाटी काढली, त्या जागी फिकट आयत रंगवला, टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, रिकामा केला, गंज चढवला. बाकीच्यांची दशा बघून हळहळणारे तुम्ही, याच्यासमोर मात्र म्हणता, "हे किती खरं वाटतं!" दादाही तेच म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मन शांत होतं म्हणून करते, असंही मीच कधीतरी म्हटलंय. कसलं शांत! त्या रात्री मी कानस भिंतीवर फेकली होती.

सध्या टेबलावर नवं आहे. हँडरेल तासून झाली. चाकांना हात लावायचा नाही, असं कागदावर लिहून दिव्याला चिकटवलंय. आरे मात्र अगदीच प्लास्टिकचे दिसतात.